विल्यमसन काउंटी: कापसाच्या रानातली उपनगरं आणि जुनी संकटं

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा मुंबईकराला पाठ असतो. टेक्सासच्या विल्यमसन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) थ्रॉल गावी सप्टेंबर 1921 मध्ये चोवीस तासांत सुमारे 970 मिलिमीटर पडला होता. मेक्सिकोच्या आखातावरून आलेल्या चक्रीवादळाचे उरलेसुरले ढग तिथल्या बाल्कोनेस कड्यापाशी येऊन कोसळले. मध्य टेक्सासमध्ये किमान 215 माणसं गेली. त्यांत कापसाच्या शेतांवर राबणारे मेक्सिकन मजूर बरेच होते.

त्या मुलखात पाणी मुरायला वाव कमी. पश्चिमेला चुनखडीवर मातीचा पातळ थर, पूर्वेला चिकट काळी जमीन. म्हणून ब्रशी क्रीक या ओढ्याच्या वरच्या खोऱ्यासाठी 1956 मध्ये ‘जलनियंत्रण जिल्हा’ नावाची स्थानिक संस्था स्थापन झाली आणि मातीची छोटी धरणं उभी राहिली. आज ती 23 आहेत. बांधताना डोळ्यांसमोर होती ती खालची शेतं.

मग शेतं विकली गेली. 1970 मध्ये काउंटीची वस्ती जेमतेम 37 हजार होती, 2020 मध्ये सहा लाखांवर गेली. राउंड रॉकला डेल ही संगणक कंपनी आली, सीडर पार्क-लिअँडरकडे घरांच्या रांगा लागल्या. ऑस्टिन परिसरात नोकरीला गेलेली मराठी कुटुंबंही इथे राहतात. धरणं तीच, पण खाली आता माणसं झोपतात. साहजिकच धरणांच्या मजबुतीचे निकष बदलले आणि जुनी धरणं सुधारावी लागली.

टोर्नेडोची गोष्ट वेगळी. त्याला बांध घालता येत नाही. 27 मे 1997 ला याच काउंटीतल्या जॅरेलवर आलेला टोर्नेडो एफ-5 म्हणजे सर्वांत तीव्र दर्जाचा, सुमारे सव्वा किलोमीटर रुंद. डबल क्रीक एस्टेट्स या वसाहतीत घरांच्या जागी नुसते सिमेंटचे चौथरे उरले, रस्त्याचं डांबरसुद्धा सोलून निघालं. 27 जण दगावले. इशारा मिळाला नव्हता असं नाही. खिडक्यांपासून दूर, घराच्या मधल्या खोलीत बसा, हा नेहमीचा सल्ला. एरवी तो जीव वाचवतो. पण हे वादळ रेंगाळत सरकत होतं, आणि भिंतीच राहिल्या नाहीत तिथे मधली खोली कुठली? खडकामुळे आणि फुगणाऱ्या मातीमुळे या भागात तळघरं फारशी नाहीत. जमिनीखालचा किंवा काँक्रीटचा निवारा ज्याने त्याने पदरमोड करून बांधायचा.

मार्च 2022 मध्ये राउंड रॉकमधून टोर्नेडो गेला, छपरं उडाली. सुदैवाने कुणी दगावलं नाही. पावसाचं गणित मात्र त्याआधीच, 2018 मध्ये, नव्याने मांडलं गेलं होतं. कुठल्याही वर्षी ज्याची शक्यता एक टक्का धरतात तो चोवीस तासांचा पाऊस ऑस्टिन परिसरात आधी सुमारे 10 इंच मानला जाई, तो 13 इंचांवर गेला. तोवर हजारो घरं जुन्या आकड्यावर काढलेले पूररेषेचे नकाशे पाहून बांधून, विकून झाली होती.