गाडीच्या पोटाखाली कोणती स्किड प्लेट बसवावी? थार, जिमनी आणि गुरखा वापरणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

स्किड प्लेट म्हणजे गाडीखालच्या भागांना दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा. ती घ्यायला आलेल्या ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा जाडीचा असतो: किती एमएमची आहे? त्याआधी दोन गोष्टी पाहायच्या असतात. गाडीखालचा नेमका कोणता भाग दगडावर टेकतो, आणि प्लेटला बसलेला दणका शेवटी कुठे जातो? सहा एमएमची प्लेट पातळ ब्रॅकेटला चार बारीक बोल्टांवर लटकवलेली असेल, तर गाडी पहिल्यांदा टेकते तेव्हाच ब्रॅकेट वाकतं आणि तीच प्लेट वर सरकून इंजिन ऑइलच्या चेंबरला भिडते.

आधी वाचवायचं काय ते ठरवा

सगळ्यात आधी इंजिन ऑइलचा चेंबर. पत्र्याचा चेंबर चेपतो, ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा थेट तडकतो. चेपलेला चेंबरही धोक्याचा असतो, कारण आतली तेल खेचणारी जाळी तळापासून थोड्याच अंतरावर असते आणि तळ वर आला की तिचं तोंड दाबलं जातं. दणका बसल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. दिवा लागल्यावरही गाडी पळवली तर इंजिन जाम होतं. चेंबरनंतर गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) आणि इंधनाची टाकी, या क्रमाने पुढे जा.

डिफचं (डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा गोळा) गणित गाडीप्रमाणे बदलतं. 2020 नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिचा पुढचा डिफ चेसिसकडे बांधलेला असल्यामुळे पुढची लांब प्लेट त्यालाही झाकते. मात्र सस्पेन्शन दबलं की डिफसकट सगळं पोट खाली येतं. कागदावरचा 226 मिमी ग्राउंड क्लिअरन्स उभ्या गाडीचा असतो, खड्ड्यात आदळणाऱ्या गाडीचा नाही. 2021 पासूनच्या गुरखालाही पुढे असंच स्वतंत्र सस्पेन्शन आहे. जिमनीला मात्र पुढे-मागे दोन्ही चाकं जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आहे. तिथे डिफचा गोळा चाकांबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे चेसिसला बांधलेली कोणतीही प्लेट त्याचं रक्षण करू शकत नाही. त्याला अ‍ॅक्सल हाऊसिंगवर बसणारा वेगळा गार्ड लागतो. लिफ्ट किटने चेसिस उंच होतं, पण अखंड अ‍ॅक्सलचा गोळा जिथे होता तिथेच राहतो. तो उचलायचा तर मोठे टायरच हवेत. थार आणि गुरखाचा मागचा अ‍ॅक्सलही अखंडच आहे, तेव्हा हाच नियम तिथेही लागू.

पत्रा: एमएस की अ‍ॅल्युमिनियम

पुढची प्लेट साधारण अर्धा चौरस मीटर धरू. तेवढ्या आकाराला 3 मिमी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) पत्र्याचं वजन सुमारे 12 किलो, 4 मिमीचं 16 किलो, 4 मिमी अ‍ॅल्युमिनियमचं साडेपाच किलो आणि 6 मिमीचं 8 किलो. आता ताठपणा पाहा. अ‍ॅल्युमिनियम मुळात लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश ताठ असतं, पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणून 4 मिमी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट 3 मिमी एमएसपेक्षा जरा लवकर लवते, आणि 6 मिमी अ‍ॅल्युमिनियम 4 मिमी एमएसपेक्षाही थोडं ताठ राहतं, तेही निम्म्या वजनात. यावरून आमचा सल्ला सरळ आहे: अ‍ॅल्युमिनियम घ्यायचं तर 6 मिमी घ्या. 4 मिमीचे पैसे वाया जातात.

तरीही सह्याद्रीतल्या कातळावर, जिथे गाडी पायऱ्या-पायऱ्यांच्या खडकावरून घसरत उतरते, तिथे आम्ही एमएसच सुचवतो. लोखंड दगडावरून घसरतं. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे दगडाची धार त्यात रुतते, चर पडतो आणि गाडी तिथेच अडकून बसते. शिवाय वाकलेली एमएस प्लेट कोणत्याही गावातला वेल्डर ठोकून सरळ करतो. चिखल, ओढे, मुरमाचे रस्ते आणि अधूनमधून एखादा दगड एवढाच वापर असेल, तर अ‍ॅल्युमिनियम छान चालतं आणि पुढच्या स्प्रिंगांवर ओझंही येत नाही. पुढची, मधली आणि मागची अशा तिन्ही प्लेट एमएसच्या घेतल्या तर वजन 35-40 किलोंवर जातं. त्यात विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) असेल तर गाडीचं नाक खाली बसतं आणि ज्या उंचीसाठी हा खटाटोप, तीच कमी होते.

अ‍ॅल्युमिनियममध्ये ग्रेड विचारायला विसरू नका. 5052 वाकवलं तरी तडकत नाही. 6061-टी6 जास्त मजबूत, पण काटकोनात घट्ट मुडपलं की बाहेरच्या बाजूला बारीक चिरा पडतात. त्या रंगाखाली दिसत नाहीत, म्हणून मुडपलेली कड रंग लावण्याआधी पाहायला मागा.

बांधणीत काय तपासायचं

प्लेट एकापेक्षा जास्त असतील तर त्या कौलांसारख्या एकमेकींवर यायला हव्यात: पुढच्या प्लेटची मागची कड मागच्या प्लेटच्या खालून गेली पाहिजे. उलट बसवल्या तर पुढे जाताना दगड थेट फटीत घुसतो. सर्वांत मागची कडही किंचित वर वळवलेली असावी, नाहीतर गाडी मागे घेताना ती नांगराच्या फाळासारखी रुतते.

बोल्टचं डोकं प्लेटच्या पृष्ठभागाच्या आत बुडालेलं हवं. बाहेर आलेलं डोकं दगडावर घासून गोल होतं, मग त्याला पाना लागत नाही आणि ऑइल बदलायच्या दिवशी ग्राइंडर काढावा लागतो. चेंबर आणि प्लेट यांच्यात किमान 20 ते 25 मिमी मोकळी जागा ठेवा, कारण दणक्याला प्लेट थोडी आत येणारच. ड्रेन प्लगखाली भोक असावं, आणि ऑइल फिल्टर खालून निघत असेल तर तिथेही.

चेसिसला वेल्डिंग करून प्लेट बसवण्याचं काम आम्ही घेत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने चेसिसचा पत्रा त्या जागी कमजोर होतो आणि आतल्या बाजूचं गंजरोधक आवरण जळून जातं. कंपनीने दिलेल्या भोकांवरच प्लेट बसली पाहिजे. तिथे बसत नसेल तर ती त्या गाडीची प्लेट नाही.

सायलेन्सर आणि वाळलेलं गवत

हा मुद्दा फार कमी जण विचारतात, म्हणून मुद्दाम सांगतो. दिवाळीनंतर माळावरचं गवत वाळतं आणि गाडी त्यातून गेली की प्लेट आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये ते कोंबलं जातं. बीएस-6 डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साठलेली काजळी जाळतो, तेव्हा आतलं तापमान 600 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतं. गवत पेटायला तेवढं पुरेसं आहे. त्यामुळे डीपीएफ आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या खाली बंद प्लेट कधीच घेऊ नका. तिथे हवा खेळेल आणि हात घालून गवत काढता येईल एवढ्या मोठ्या खाचा हव्यात. गवताळ भागातून बाहेर पडलात की पाच मिनिटं थांबून गाडीखाली टॉर्च मारा.

स्वतः बसवणार असाल तर

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा. चेसिसमधल्या नटांचे आटे चिखलाने भरलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. एम10 बोल्टमध्ये 1.25 आणि 1.5 मिमी असे दोन पिच (आट्यांमधलं अंतर) चालतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे आत जाऊन अडतो आणि तिथे पाना दाबला की चेसिसमधला नट कायमचा जातो. म्हणून प्रत्येक बोल्ट आधी हाताने निम्म्याहून जास्त आत गेला पाहिजे.

सगळे बोल्ट सैल लावा, प्लेट हलवून मध्यावर आणा, मगच आळीपाळीने आवळा. 8.8 ग्रेडच्या एम10 ला साधारण 45 न्यूटन-मीटर आणि एम8 ला 24. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. पहिल्या 500 किलोमीटरनंतर, किंवा पहिल्या खडकाळ फेरीनंतर लगेच, पुन्हा टॉर्क पाना लावा. प्लेट खडखडत असेल तर बोल्ट आणखी आवळण्याआधी ती एक्झॉस्टला किंवा क्रॉसमेंबरला कुठे टेकते का ते शोधा.

निगा

प्लेटवर साठलेला लाल चिखल आठवडाभर ओला राहतो आणि खालच्या नळ्या, क्लॅम्प, बोल्ट गंजवतो. पावसाळ्यात दर महिन्याला प्रेशरने धुवा, आणि पावसाळा संपला की एकदा प्लेट पूर्ण उतरवा. पावडर कोटिंग दगडाने टवका उडाला की त्याखालून गंज पसरत जातो, म्हणून एमएसवर आम्ही साधा प्रायमर आणि इनॅमल पसंत करतो. तो दरवर्षी घरीही मारता येतो. किनाऱ्याजवळ राहत असाल आणि प्लेट अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर लोखंडी बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घाला. खाऱ्या हवेत हे दोन धातू थेट टेकले की बोल्टभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून पोखरतं.

प्लेट बंपरच्या पुढे येता कामा नये. बंपरसमोर लावायच्या बुल बारवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना दिल्या आहेत, आणि तसा गार्ड आम्ही बनवत नाही. वॉरंटीबद्दल बसवण्याआधी डीलरकडून लेखी विचारून घ्या.

ऑर्डर देताना गाडीचं वर्ष, इंधन, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, लिफ्ट किट असेल तर किती इंचांचं, आणि गाडीखालचे पुढून, मधून व मागून काढलेले तीन फोटो आणा. जुन्या प्लेटवर दणक्यांच्या खुणा असतील तर ती प्लेटही आणा. कुठे जास्त घासलंय ते पाहूनच नवीन प्लेटची जागा आणि जाडी ठरवता येते.