जेवून आडवं झालं की धडधड

मालवणात आमचे तात्या बांगड्याचं तिखलं नि भात जेवून पडवीत चटईवर आडवे झाले, की थोड्या वेळाने उठून बसत. "छातीत पाखरू फडफडता." काकी म्हणे, "गॅस झालो असतलो," आणि सोलकढीचा पेला पुढे करी. नारळाची पोती उचलताना, घाटी चढताना मात्र काही नाही. मग हे हृदयाचं दुखणं असेल, असं वाटणार कुणाला?

एकदा मी त्यांची नाडी पाहिली. सर ओसरल्यावर कौलांवरून पागोळ्या गळतात तशी: टप, टपटप, मध्येच गप्प, पुन्हा टप. हे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचा ताल बिघडण्याचा विकार. त्यात नाडी कुठलाच ताल धरत नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 ते 600 विद्युत संदेश उसळतात आणि कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात.

हृदयाची गती आपल्या नकळत सांभाळते ती स्वायत्त चेतासंस्था. अनुकंपी नसा गती वाढवतात, व्हेगस नस ती उतरवते. शरीरक्रिया शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयाची व्हेगस उत्तेजित केली आणि त्या हृदयाभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं. तेही मंदावलं! ते रसायन म्हणजे असिटिलकोलिन. जेवल्यावर, झोपेत व्हेगसचाच जोर असतो.

पण शांत करणारी नस थरथर कशी सुरू करते? असिटिलकोलिनमुळे वरच्या कप्प्यांतल्या पेशी एका ठोक्यानंतर लवकर सावरतात, म्हणजे पुढच्या संदेशाला लवकर तयार होतात. नसांची टोकं सगळीकडे सारखी पसरलेली नसल्याने काही भाग आधी तयार, काही मागून. अशा वेळी एखादी भरकटलेली ठिणगी त्यातून वाट काढत गरगर फिरत राहते. या ठिणग्या बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडतात, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हाइसागेर यांच्या गटाने 1998 मध्ये दाखवलं. ताणात वाढणारं अॅड्रेनलिन पेशींतलं कॅल्शियम वाढवून त्या ठिणग्यांना हवा देतं.

फ्रान्सच्याच हृदयतज्ज्ञ फिलिप कुमेल यांनी याआधी या विकाराच्या दोन तऱ्हा सांगितल्या होत्या: रात्री-जेवणानंतर होणारा व्हेगसचा त्रास आणि श्रम-ताणातून उठणारा अनुकंपी. कागदावर सुटसुटीत; प्रत्यक्षात पुष्कळांत सरमिसळच दिसते. तरी त्रास कधी होतो हे विचारायला काही खर्च येत नाही. व्हेगसच्या तऱ्हेत बीटा ब्लॉकर, म्हणजे अनुकंपी नसांचा जोर रोखणारी औषधं, फारसे उपयोगी पडत नाहीत, कधी त्रास वाढतोही. डिगॉक्सिन हे ठोके मंदावणारं औषध तर व्हेगसचाच जोर वाढवतं.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं गणित मात्र वेगळं. वय, रक्तदाब, मधुमेह पाहून ती ठरते. थरथरत्या कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, तेव्हा तऱ्हा कुठलीही असो, ही गोळी मनाने बंद करायची नाही.

अॅब्लेशन या उपचारात ठिणग्या अडवायला फुप्फुसांकडच्या त्या शिरांच्या तोंडाभोवती डाग देतात. तिथल्याच चरबीत नसांच्या गाठी असतात. त्याही थोड्या भाजतात, म्हणून नंतर अनेकांची विश्रांतीतली नाडी जरा वाढलेली दिसते. कानाच्या पुढच्या कूर्चेवर सौम्य वीज देऊन व्हेगसला हलकेच चेतवण्याचे छोटे प्रयोगही आशादायक ठरलेत. (यावरून कान टोचण्याचे गुण गाणारे व्हॉट्सअॅप संदेश कृपया मला पाठवू नका.)

तात्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने फुल्या मारू लागले, वेळेसकट. डॉक्टरांनी ती पानं उलटून पाहिली नि गोळी बदलली. आता जेवल्यावर तासभर ते पडवीत जाळं सांधत बसतात. भात काकी वाढते, बेताने. फुल्या कमी झाल्यात, संपलेल्या नाहीत.