रेशन्स चाचणी

फुप्फुसाच्या क्षयरोग्याच्या घरातील माणसांना पुरेसा आहार मिळाला, तर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण घटते का, हे तपासणारी झारखंडमधील क्षेत्रचाचणी. डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी ती २०१९ ते २०२२ या काळात केली; निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत आले.

चार जिल्ह्यांतील २८ क्षयरोग पथकांमधून (सरकारी क्षयरोग कार्यक्रमाच्या स्थानिक केंद्रांमधून) २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसे निवडली गेली. औषधोपचारासोबत प्रत्येक रुग्णाला दरमहा १० किलो शिधा मिळे: तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. हिशेब रोजच्या १,२०० कॅलरी व ५२ ग्रॅम प्रथिनांचा. निम्म्या पथकांत घरच्यांनाही माणशी ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ दिली. एकट्या रुग्णासाठी आलेला शिधा उपाशी घरात सगळ्यांच्या ताटात वाटला जातो, ही अडचण जुनीच.

घरच्यांनाही शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे एकूण प्रमाण इतर घरांपेक्षा ३९ टक्क्यांनी, तर थुंकी-तपासणीने सिद्ध झालेल्या फुप्फुसक्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी आढळले. एक नवा रुग्ण टाळण्यासाठी सुमारे ३० घरांना शिधा पुरवावा लागला. लस किंवा महागडे औषध नसूनही एवढा फरक पडला, हे लक्षणीय.

रुग्णांचे सुरुवातीचे सरासरी वजन ४३ किलोच्या आसपास होते. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी (म्हणजे ४२ किलोच्या माणसाचे साधारण दोन किलो) वाढलेल्यांत मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. मात्र शिधा सर्वच रुग्णांना दिला होता, तुलनेला बिनशिध्याचा गट नव्हता. म्हणून वजनवाढीचा हा आकडा निरीक्षणाचा, घरच्यांविषयीच्या निष्कर्षाइतका भक्कम नाही.

व्यवहारात वजनकाटा दर भेटीत हवा. भारतात क्षयाच्या संयुक्त (एकाच गोळीत अनेक औषधे असलेल्या) गोळ्यांची रोजची मात्रा वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोपर्यंत तीन, ५० ते ६४ किलोपर्यंत चार. वजन वाढून गट ओलांडला आणि मात्रा तीच राहिली, तर औषध कमी पडते. दोन महिन्यांत वजन हललेच नाही, तर गोळ्या चुकतात का, मधुमेह आहे का, जंतू औषधाला दाद देत नाहीत का, हे पाहावे. अतिकृश रुग्णाला एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे: रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांचा आहार रुग्णालयात, थोड्यापासून वाढवत नेतात.

क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेतील मासिक मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली. ती रुग्णाच्या खात्यात जमा होते.