काठमांडूतली पोरं भारतीय कॅमेऱ्यांवर का चिडली?

8 सप्टेंबर 2025 रोजी काठमांडूच्या माइतीघरहून संसद भवनाकडे निघालेल्या मोर्चात कितीतरी पोरं शाळा-कॉलेजच्या गणवेशात, पाठीला दप्तर लावून आली होती. त्या एका दिवसात 19 जणांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली पायउतार झाले.

भारतात टीव्हीवर बातमी पोहोचली ती मुख्यतः 'सोशल मीडिया बंद केला म्हणून पोरं पेटली' अशी. काहींनी तर त्यात राजेशाहीची मागणी शोधली. 26 प्लॅटफॉर्मवरची बंदी 4 सप्टेंबरची. राग त्याच्या कितीतरी आधीचा. 2008 मध्ये राजेशाही गेल्यापासून डझनाहून जास्त सरकारं आली आणि ऑक्टोबर 2015 पासून ओलींच्या राजीनाम्यापर्यंत पंतप्रधानपद ओली, देउबा, प्रचंड या तिघांतच फिरत राहिलं. पोरं मात्र कामासाठी आखातात आणि मलेशियात. त्यांनी घरी पाठवलेला पैसा देशाच्या जीडीपीच्या जवळपास एक तृतीयांश भरतो. अशा घरातल्या मुलांना नेत्यांच्या लेकरांच्या महागड्या बॅगा आणि परदेशवाऱ्या मोबाइलवर दिसत होत्या. 'नेपो किड' (वशिल्यावर मजा मारणारी नेत्यांची पोरं) हा हॅशटॅग तिथून आला.

या मोर्चांच्या वेळी भारतीय वार्ताहरांना हुसकावल्याचे व्हिडिओ आपण पाहिले. त्याची मुळं एप्रिल 2015 च्या भूकंपात आहेत. सुमारे नऊ हजार माणसं दगावली होती आणि आपले काही वार्ताहर शोकात बुडालेल्या नातलगांच्या तोंडासमोर माइक धरत होते, भारतीय मदतीचाच डंका पिटत होते. 'गो होम इंडियन मीडिया' हा हॅशटॅग तेव्हाचा. त्याच वर्षी नेपाळचं नवं संविधान लागू झालं आणि सीमेवर नाकाबंदी झाली. भारताने ती आपली नसून संविधानावर नाराज मधेशी (नेपाळच्या दक्षिणेकडच्या, भारताला लागून असलेल्या मैदानी भागातले लोक) आंदोलकांची असल्याचं सांगितलं, पण गॅस-पेट्रोलसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बहुतेक नेपाळींना ते पटलं नाही.

जुलै 2020 मध्ये काही वाहिन्यांनी ओली आणि चीनच्या महिला राजदूतांबद्दल उथळ, चावट कार्यक्रम केले. नेपाळच्या केबलचालकांनी दूरदर्शन सोडून भारतीय वृत्तवाहिन्या बंद केल्या. ओली आवडोत न आवडोत, आपल्या पंतप्रधानाची अशी टवाळी तिथल्या तरुणांना झोंबली, आणि मला ते पूर्ण पटतं.

भूकंपाच्या वेळी बारा वर्षांचं असलेलं पोर 2025 मध्ये बावीस वर्षांचं होतं.