घर एक, भाव दोन: सरकारी मूल्यांकन आणि बँकेचं मूल्यांकन

"मन्हा घरना भाव इतला कमी काब?" गृहकर्जाच्या फायली जुळवून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा-भडगाव भागात हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कानावर येतोच. विचारणाऱ्याच्या डोक्यात दोन मूल्यांकनं एकमेकांत मिसळलेली असतात, एक सरकारचं आणि एक बँकेचं. त्यात बँकेच्या रिपोर्टातच सरकारी दराचीही एक ओळ असते, मग घोळ आणखी वाढतो.

सरकारी मूल्यांकन म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो ते. कागदावरचं नाव वार्षिक मूल्यदर तक्ता. नोंदणी व मुद्रांक विभाग तो काढतो आणि नवे दर 1 एप्रिलपासून लागू होतात. दर वर्षी बदल होतोच असं नाही. 2023 आणि 2024 ला दर होते तसेच ठेवले, 2025 ला वाढवले. हा दर तुमच्या घराचा नसतो, घर ज्या मूल्य विभागात येतं त्या विभागाचा असतो. बांधकाम कोणत्या प्रकारचं आणि किती वर्षांचं, एवढं त्यात धरतात. स्वयंपाकघरात ग्रॅनाइट आहे की शहाबादी, याच्याशी तक्त्याला काही देणंघेणं नाही. दस्तातली रक्कम आणि हा आकडा, यांत जो मोठा त्यावर मुद्रांक शुल्क लागतं. एरवी यासाठी घर बघायला कुणी येत नाही. विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की दर फुकट दिसतो. आकारणी पटत नसेल तर अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दुय्यम निबंधकाच्या टेबलापाशी आवाज चढवून काही होत नाही.

बँकेच्या मूल्यांकनाला मात्र माणूस घरी येतो. बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर, नाहीतर त्याचा इंजिनिअर. आज हे घर बाजारात कितीला जाईल, आणि कर्ज थकल्यावर घाईत विकावं लागलं तर कितीला, हे त्याला बँकेला सांगायचं असतं. बँक मग दस्तातली किंमत आणि व्हॅल्युअरची किंमत यांतली लहान धरते. सरकार मोठा आकडा धरतं, बँक लहान. दोन्हीकडून खिसा आपलाच.

सौदा 28 लाखांचा झाला आणि व्हॅल्युअरने 25 लाख लिहिले असं समजा. 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के कर्ज देता येतं. तुम्ही 25 लाख 20 हजारांचा हिशोब करून बसलेले असता आणि हातात येऊ शकतात फार तर 22 लाख 50 हजार. 2 लाख 70 हजारांचा खड्डा, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी. रेडी रेकनरची प्रिंट दाखवून "सरकारच 27 लाख म्हणतंय" असं कितीही सांगा, व्हॅल्युअर आजूबाजूला प्रत्यक्ष झालेले सौदे बघतो. तसे सौदे असतील तर त्यांच्या सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याच्या, प्रती त्याला द्या, त्या तो नक्की वाचतो.

म्हणजे तयारी करायची ती या दुसऱ्या मूल्यांकनाची. लोक तयारी करतात, पण चुकीची. घराला रंग देतात. आपल्याकडे काळ्या मातीवरच्या घरांना भेगा पडतातच. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. व्हॅल्युअरला हे ठाऊक असतं. प्लास्टरची केसासारखी भेग आणि भिंतीतून आरपार गेलेली भेग यांतला फरक त्याला कळतो. एकाच भिंतीला ताजी पुट्टी दिसली की तो नेमका तिथेच बोटाने ठोकून बघतो.

खरा वेळ जातो कागदांत. खरेदीखत, बिनशेतीचा आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टीची पावती, लाइट बिल: सगळ्याच्या झेरॉक्स एका फाइलीत असाव्यात. जागेप्रमाणे सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा. गावठाणातलं घर असेल आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल तर तिथलं मालमत्ता पत्रक. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराला, सागाचे खांब असले तरी, बँकेच्या लेखी भाव बहुतेक जागेचाच येतो. आजोबांनी बांधलेल्या घराबद्दल हे ऐकताना वाईट वाटतं, पण आधी कळलेलं बरं.

सगळ्यात जास्त फायली अडकतात चतु:सीमेवर. खरेदीखतात "पूर्वेस रस्ता" आणि जागेवर रस्ता उत्तरेला. व्हॅल्युअर मोबाइलमध्ये दिशा बघतो, मान हलवतो आणि "जागेची ओळख पटत नाही" असं लिहून निघून जातो. भेटीच्या आधी खरेदीखत हातात धरून घराभोवती एक चक्कर मारा. चूक सापडली तर चूकदुरुस्तीचा दस्त आधी करून घ्या, नंतर धावपळ होते. मोकळ्या लेआउटात प्लॉटचे दगड गवतात गेलेले असतात, तेही काढून ठेवा. वाढीव खोली नकाशात नसेल तर तसं सरळ सांगा. ती तो बहुतेक मूल्यात धरत नाही, आणि लपवली तर उरलेल्या कागदांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

भेट अर्ध्या-पाऊण तासाची असते. जिन्याच्या दाराची किल्ली, भाडेकरूला आदल्या दिवशी निरोप, आणि घराची माहिती असलेला एक माणूस हजर, एवढं पुरे. मे महिन्यात सकाळची वेळ मागा. दुपारी दोनला पत्र्याखाली उभं राहून कुणीही मापं घाईतच घेणार. चहा द्या, पण मापं झाल्यावर.

दोन वर्षांपूर्वी गिरणाकाठच्या एका गावात आमची भेट ठरली होती. कागद चोख, चतु:सीमा चोख, घरमालक आबा स्वतः हजर. इंजिनिअरने मधल्या खोलीचं दार उघडलं तर आत आढ्यापर्यंत कापूस. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून भरून ठेवलेला. त्याने दारातूनच लेझरचं मापयंत्र धरलं, लाल ठिपका हातभर अंतरावर कापसात जाऊन बसला. भिंत दिसेना, फोटो निघेना. दुसरी भेट आठ दिवसांनी झाली, तोवर आबांनी सगळा कापूस ओट्यावर काढून ताडपत्रीखाली ठेवला होता.

आता कुणाचीही तारीख ठरवण्याआधी मी फोनवर पहिला प्रश्न विचारतो: कापूस विकला का?