मारतो तो पॉलिमर, चुंबक नुसता ओढतो

'चुंबकाने जंतूंचा खात्मा' अशा थाटाची बातमी अधूनमधून झळकते. साध्या चुंबकाने बॅक्टेरियाचं काही बिघडत नाही. चुंबकीय कडी आणि 'चुंबकित पाणी' विकणाऱ्यांनी उगाच हुरळून जाऊ नये. या बातम्यांमागे असतात ते पॉलिमरचा (लांब साखळीच्या रेणूंचा) लेप दिलेले अतिसूक्ष्म चुंबकीय कण, आणि त्यांत मारक असतो तो कणावरचा लेप.

कणाचा गाभा मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडचा, साधारण 10 नॅनोमीटरचा. लोखंडाचे फेरस आणि फेरिक क्षार 1:2 या मोल-प्रमाणात पाण्यात विरघळवायचे, नायट्रोजन सोडत 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि जोरात ढवळत अमोनियाने पीएच 10च्या आसपास न्यायचा. काळा साका खाली बसतो. तो तपकिरी झाला तर हवा शिरून फेरसचं ऑक्सिडीकरण झालं, असं समजावं. इतके बारीक कण सुपरपॅरामॅग्नेटिक असतात: चुंबक दूर नेला की त्यांचं चुंबकत्व उरत नाही, त्यामुळे ढवळल्यावर ते पुन्हा पसरतात.

लेपासाठी कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पॉलिमर) 1 टक्का अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवून कणांसोबत ढवळतात. पीएच साडेसहाच्या खाली असला की त्याच्या बहुतेक अमिनो गटांवर प्रोटॉन बसतो, म्हणजे धनभार येतो. खरी गंमत इथून पुढे.

ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे दुहेरी पटलाच्या, बॅक्टेरियाच्या बाह्य पटलावर लायपोपॉलिसॅकराइडचे (मेद आणि शर्करा मिळून बनलेले) ऋणभारित रेणू दाटीवाटीने उभे असतात. एकमेकांना ढकलणाऱ्या या रेणूंना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन बांधून ठेवतात. पॉलिमरची साखळी नेमकी हीच जागा बळकावते. तिचा एकेक बंध कमकुवत, पण सुटायचं तर शेकडो बंध एकदम तुटावे लागतात. शिवाय हाकललेले आयन पाण्यात मोकळे झाल्याने एन्ट्रॉपीही (विस्कळीतपणाकडे जाण्याचा निसर्गाचा कल) तिच्याच बाजूने. पटल सैल पडतं, मग आतल्या पटलातून पोटॅशियम गळू लागतं. बॅक्टेरियाही स्वस्थ बसत नाहीत: काही जण लायपोपॉलिसॅकराइडच्या लिपिड ए या भागाला धनभारित गट जोडून आपला ऋणभार घटवतात. कोलिस्टिन या धनभारित प्रतिजैविकाला ते याच युक्तीने दाद देत नाहीत.

ही सगळी करामत विद्युतभाराची, म्हणून मीठ तिचं वैरी. 0.9 टक्के सलाइनमध्ये भाराचा प्रभाव नॅनोमीटरभर अंतरातच मावळतो, आणि रक्तात प्रथिनं कणावर थर चढवतात. ऊर्ध्वपातित पाण्यातले आकडे म्हणूनच जखमेला लागू करता येत नाहीत.

मोजणीतही फसगत होते. कणांनी गुठळी केलेले पन्नास जिवंत बॅक्टेरिया जंतू वाढवायच्या प्लेटवर एकच वसाहत देतात आणि 98 टक्के मेल्यासारखं दिसतं. त्यामुळे नुसता पॉलिमर आणि लेपाविना कण यांचे नमुने शेजारी ठेवावेत, आणि जिवंत-मृत रंगद्रव्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी खात्री करावी.