कौल, मतदारांचा

निवडणुकीच्या निकालातून मतदारांनी काय सांगितले, याचा लावलेला अर्थ. ‘जनादेश’ हा त्याचा संस्कृतनिष्ठ पर्याय. पण दोहोंच्या छटा वेगळ्या आहेत. आदेश ऐकला की कळतो, कौल मात्र लावून घ्यावा लागतो. राज्यघटनेत या कल्पनेचा उल्लेख नाही. अनुच्छेद १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई खटल्यातील निकालापासून (१९९४) बहुमताची कसोटी सभागृहातच लागते. त्यामुळे सत्तांतर आणि कौल या दोन गोष्टी वेगळ्या धरणे आवश्यक आहे.

शब्द अरबी ‘क़ौल’ (वचन, बोल) यावरून, बहुधा फारसीमार्गे, मराठीत आला. छपराचे नपुंसकलिंगी ‘कौल’ निराळे. शाक्त पंथाच्या संदर्भातील ‘कौल’ संस्कृत ‘कुल’वरून झालेला असून देवाच्या कौलाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. शिवकालीन व पेशवेकालीन कागदपत्रांत ‘अभयकौल’, ‘कौलनामा’ ही रूपे येतात. ओसाड पडलेला गाव पुन्हा वसवण्यासाठी येणाऱ्या रयतेला त्रास होणार नाही, सारा सवलतीने घेतला जाईल, असे सरकारने दिलेले ते वचन असे. दुसरा अर्थ कोकणातील देवळांत आजही जिवंत आहे. गाऱ्हाणे घालून गुरव मूर्तीला फुले, पाने किंवा तांदूळ लावतो. सामान्यतः उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. गावागणिक संकेत बदलतात. हा दैवी अर्थ वचनाच्या अर्थातूनच निघाला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण देवाकडे मागायचे तेही वचनच.

निवडणुकीच्या अर्थात या दोन्ही वाटा मिळतात. अभयकौल सरकारने रयतेला द्यायचा. येथे रयत सरकारला देते. देवळातील कौलाकडून मात्र एक मर्यादाही आली आहे. जे विचारले त्याचेच उत्तर मिळते, तेही उजवे की डावे एवढेच. मुंबईच्या गिरणगावात वस्तीला आलेल्या रत्नागिरीकर कामगारांना ही मर्यादा कोणी समजावून सांगावी लागली नसेल.

अभ्यासकांत दोन मते आहेत. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ व्ही. ओ. की यांच्या मांडणीनुसार मतदार मागील कारभार पाहून बक्षीस किंवा शिक्षा देतो, आणि ते समजून-उमजून देतो. त्यांचेच देशबंधू व राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनी, अमेरिकी अध्यक्षांच्या संदर्भात, विजयातून विशिष्ट धोरणाला मान्यता मिळाल्याचा दावा पुराव्यावर टिकत नाही असे दाखवले. मुंबईचे दाखले पाहता नकारापुरते पहिले मत आणि होकारापुरते दुसरे ग्राह्य धरावे लागते. मतदार कोणाला नको म्हणाला हे बऱ्याचदा स्वच्छ कळते. काय हवे म्हणाला, हे क्वचित.

नकाराचा ठळक दाखला १९६७ चा. दक्षिण मुंबईत काँग्रेसचे मातब्बर नेते स. का. पाटील यांचा जॉर्ज फर्नांडिस यांनी पराभव केला. त्याआधी १९५७ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात काँग्रेसची सत्ता टिकली, पण संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात तिला जबर धक्का दिला. सत्तांतर न होता कौल लागला आणि १ मे १९६० रोजी तो फळाला आला. प्रश्न एकच होता आणि मतदाराने त्याचेच उत्तर दिले, असे ज्यांच्याबद्दल निःशंकपणे म्हणता येईल असे निकाल थोडे आहेत; हा त्यांपैकी एक.

१९७७ मध्ये मुंबईतील लोकसभेच्या सहाही जागा जनता पक्ष व त्याच्या मित्रपक्षांकडे गेल्या. आणीबाणीला नकार, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. तो चुकीचा नाही. पण १९८० मध्ये इंदिरा गांधी देशभर बहुमताने परतल्या तेव्हाही मुंबईने सहापैकी पाच जागा जनता पक्षालाच दिल्या. १९८४ च्या काँग्रेस लाटेत गिरणगावाने गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत यांना लोकसभेत पाठवले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला आणि सुमारे अडीच लाख कामगारांना ओढून घेणारा संप तोवर मोडल्यात जमा होता. संप फसला म्हणून नेत्याला दूर लोटावे, असे कामगारांना वाटले नाही. हे मत हिशेबाचे नव्हे, निष्ठेचे म्हणावे लागेल. लगेच १९८५ मध्ये महापालिका शिवसेनेकडे गेली. एकाच वस्तीने काही महिन्यांत दोन पेट्यांत दोन उत्तरे दिली, याला चंचलपणा म्हणणे मतदारावर अन्याय करणारे आहे. प्रश्नच दोन होते.

निकालाचे गणितही कौलात मिसळते. सर्वाधिक मतांचा उमेदवार निवडून येण्याच्या पद्धतीत थोडी मते सरकली तरी पुष्कळ जागा फिरतात. २००९ मध्ये ईशान्य मुंबईचा निकाल तीन हजारांहून कमी मतांनी लागला; तेथे मनसेच्या उमेदवाराला सुमारे १ लाख ९५ हजार मते होती. त्या वर्षी सहाही जागा काँग्रेस आघाडीला मिळाल्या, २०१४ मध्ये सहाही युतीला. शहराचे मन पाच वर्षांत पूर्ण पालटले, असा निष्कर्ष जागांवरून निघतो. मतांवरून निघत नाही. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीने मुंबईत चार जागा जिंकल्या आणि सहा महिन्यांत विधानसभेच्या ३६ पैकी २२ महायुतीकडे गेल्या. वायव्य मुंबईची लोकसभेची जागा ४८ मतांनी ठरली. तेथे ‘नोटा’ला पडलेली मते त्याच्या कितीतरी पट होती.

२०१९ व २०२२ मधील सत्तांतरे या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत. दोन्ही वेळा सरकार मतदानाने नव्हे, आघाड्या व पक्ष फुटल्याने बदलले, आणि दोन्ही बाजूंनी कौल आपलाच असल्याचे सांगितले.

तुलनेत आणखी एक अडचण आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत मुंबईच्या विधानसभेच्या जागा ३४ वरून ३६ झाल्या, पण शहराच्या १७ वरून १० वर आल्या आणि उपनगरांच्या १७ वरून २६ वर गेल्या. मतदान केंद्रनिहाय आकडे निवडणूक आयोगाच्या ‘फॉर्म २०’मध्ये मिळतात. लालबाग-परळच्या केंद्रांवर जुने व नवे आकडे शेजारी ठेवून मत बदलले असे लिहिण्याआधी, चाळी पाडून टॉवर उभे राहिल्यावर मूळ मतदारांपैकी किती जण डोंबिवली-विरारच्या यादीत गेले, ते पाहावे लागते.